डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणतेय? थांबा, आधी हे वाचा : एका कॉम्प्युटरवर चालणारी हार्ड डिस्क दुसऱ्यावर का उघडत नाही?

“अगं, डिस्क बाद झाली की काय बघ की. फॉरमॅट मारू का म्हणतंय. मारू का?”

वळसंगहून मामांचा फोन होता. मामेभावाच्या लग्नाचं शूटिंग सोलापूरच्या एका स्टुडिओने हार्ड डिस्कवर दिलं होतं. घरच्या टीव्हीला डिस्क लावली, तर टीव्ही ढिम्म. म्हणून लॅपटॉपला लावली, तर स्क्रीनवर इंग्रजीत सूचना आली. मतलब असा, की ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं. एक ‘फॉरमॅट डिस्क’, दुसरं ‘कॅन्सल’.

त्या डिस्कवर आजोबा होते. लग्नानंतर तीन महिन्यांनी ते गेले. त्यांचं चालतं-बोलतं शेवटचं शूटिंग त्या डिस्कशिवाय आमच्या कोणाकडेच नव्हतं.

मी फोनवर एवढंच म्हटलं, “मामा, हात काढा माउसवरचा.”

डिस्क खराब झालेली नव्हती, व्हिडिओही जागेवर होते. स्टुडिओने डिस्क मॅकवर भरली होती आणि मामांचा लॅपटॉप विंडोजचा होता. गोंधळ झाला तो या दोघांच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत. हा प्रकार नेमका काय असतो आणि तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, तेच समजून घेऊया.

डिस्क म्हणजे जमीन, फाइल सिस्टिम म्हणजे तलाठ्याचं दप्तर

हार्ड डिस्क असो, पेन ड्राइव्ह असो की मेमरी कार्ड, आत साठवायची जागा असते. या जागेचे बारीक बारीक कप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. तुमचा लग्नाचा व्हिडिओ अशा लाखो कप्प्यांत पसरलेला असतो.

मग कोणत्या कप्प्यात कोणत्या फाइलचा कोणता तुकडा आहे, हे कळणार कसं? त्यासाठी नोंदवही लागते. फाइलचं नाव काय, आकार किती, ती कधी तयार झाली, तिचे तुकडे कुठे कुठे आहेत, हे सगळं या वहीत असतं. ही वही ठेवण्याची ठरलेली पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. वळसंगच्या शेतजमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते. अक्कलकोट ओलांडून पुढे कर्नाटकात गेलं की सातबारा नसतो, तिथे ‘पहाणी’ असते. माती तीच, तूरही तीच. पण कागदाची रीत वेगळी, भाषा वेगळी, रकाने वेगळे. ज्याला फक्त सातबारा वाचता येतो, त्याच्या हातात पहाणी दिली तर त्याला काही कळणार नाही. पण म्हणून त्याने ‘ही जमीन कोणाचीच नाही, नव्याने नोंद करू’ म्हटलं तर चालेल का?

विंडोज नेमकं तेच म्हणत असतं. त्याला नोंदवही वाचता आली नाही, की ते नवी कोरी वही घालण्याची परवानगी मागतं. ‘फॉरमॅट’चा साधा अर्थ हाच : जुनं दप्तर बाजूला टाकून कोरं दप्तर उघडणं.

मग पार्टिशन म्हणजे काय?

दप्तराच्याही आधी गटांचा नकाशा येतो. एका डिस्कचे दोन-तीन भाग पाडता येतात. कॉम्प्युटरमध्ये दिसणारे सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह बऱ्याचदा एकाच डिस्कचे गट असतात. कोणता गट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला असतो. त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. त्याच्या दोन पद्धती चालतात.

एमबीआर : १९८३ पासूनची जुनी पद्धत. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यातच हा तक्ता बसवलेला असतो. त्यात चारच मुख्य गट मावतात. शिवाय कप्प्यांचे क्रमांक ३२ बिटांत लिहायचे असल्यामुळे नेहमीच्या ५१२ बाइटच्या कप्प्यांनी साधारण २ टीबीच्या पुढची जागा मोजता येत नाही.

जीपीटी : नवी पद्धत. आकडे ६४ बिटांत असल्यामुळे २ टीबीची अडचण उरत नाही. विंडोजवर १२८ पर्यंत गट पाडता येतात. शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पहिली बिघडली तर दुसरी कामाला येते.

म्हणूनच ४ टीबीची नवी डिस्क लॅपटॉपवर नीट चालते, पण काही जुन्या टीव्हींवर दिसतच नाही. त्यांना जीपीटीचा तक्ताच वाचता येत नाही. दप्तर उघडण्याची पाळीच येत नाही.

फॅट, एनटीएफएस, एपीएफएस… ही नावं कुठून आली?

फॅट३२ : फॅट हे घराणं १९७७ पासूनचं, फ्लॉपीच्या काळातलं. त्याचा फॅट३२ हा प्रकार १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आला. तो जवळपास सगळीकडे चालतो : विंडोज, मॅक, लिनक्स, टीव्ही, गाडीचा म्युझिक सिस्टिम, ट्रॅक्टरवरचा साउंड. अडचण एकच. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही.

एनटीएफएस : मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आणली. विंडोजची आतली डिस्क आजही सहसा याच पद्धतीची असते. मोठ्या फाइली चालतात. मध्येच वीज गेली तर सावरायला मदत व्हावी म्हणून ‘काय बदल करतोय’ याची वेगळी टिपणही ठेवली जाते. तिला जर्नल म्हणतात.

एक्सफॅट : २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने खास पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डसाठी आणली. यात ४ जीबीची अडचण नाही. ३२ जीबीच्या पुढची एसडी कार्डं, म्हणजे एसडीएक्ससी, याच पद्धतीने भरायची असं त्या कार्डांच्या मानकातच ठरलेलं आहे.

एचएफएस प्लस आणि एपीएफएस : ॲपलच्या घरच्या पद्धती. पहिली जुनी, दुसरी २०१७ पासूनची.

एक्सटी४ : लिनक्सची. २००८ पासून पक्की झाली. उबंटू टाकलेल्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा हीच असते.

कोणाला कोणाचं दप्तर वाचता येतं?

दक्षिण सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी माणसं घरोघरी सापडतात, म्हणून बाजारात कोणाचं अडत नाही. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे दुभाष्याचं काम ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम करतो. दुभाष्या असेल तर दप्तर वाचता येतं, नसेल तर नाही.

- विंडोज : फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस वाचतं-लिहितं. मॅकची आणि लिनक्सची डिस्क साध्या जोडणीत वाचता येत नाही.
- मॅक : स्वतःच्या पद्धतींखेरीज फॅट३२ आणि एक्सफॅट वाचतो-लिहितो. एनटीएफएस डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. ‘फाइल दिसतेय, पण पेस्ट होत नाही’ ही तक्रार इथलीच. लिहायचं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागतं.
- लिनक्स : सगळ्यात मोठा बहुभाषिक. एक्सटी४, फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस सगळं चालतं. ॲपलच्या एपीएफएसपाशी मात्र तोही सहसा अडतो.
- अँड्रॉइड फोन : फॅट३२ नक्की, बऱ्याच नव्या फोनवर एक्सफॅटही. एनटीएफएसवर भरवसा ठेवू नका.
- आयफोन : २०१९ च्या आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये पेन ड्राइव्ह उघडतो. फॅट३२ आणि एक्सफॅट चालतात.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांनी मिळून एकच पद्धत का नाही ठरवली?

यात तंत्राइतकाच मालकीचा प्रश्न होता. फॅटमधल्या लांब नावांच्या पद्धतीवर मायक्रोसॉफ्टची पेटंट होती. २००९ मध्ये गाड्यांसाठी नकाशे बनवणाऱ्या टॉमटॉम कंपनीवर मायक्रोसॉफ्टने याच कारणावरून दावा ठोकला. पुढे तडजोड झाली. एक्सफॅटचा तपशीलही बरीच वर्षं खुला नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो जाहीर केला आणि त्याच वर्षाअखेर लिनक्सच्या मूळ गाभ्यात एक्सफॅटचा दुभाष्या आला. एनटीएफएस लिहू-वाचू शकणारा नवा ड्रायव्हर २०२१ मध्ये आला. म्हणजे काल न उघडणारा पेन ड्राइव्ह आज उघडतो, तो दुभाष्याला दार उघडल्यामुळे.

सोलापूरला ही भानगड नवी नाही

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती काढली. जाड कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. कार्डांची माळ फिरत राहते आणि नक्षी उतरत जाते. पुढे कॉम्प्युटरमध्ये माहिती भरायला वापरलेली पंच कार्डं याच कल्पनेतून आली.

आता गंमत बघा. भोकांमधलं अंतर प्रत्येक जॅकार्डमध्ये सारखं नसतं. एका मापासाठी कापलेली कार्डं दुसऱ्या मापाच्या मशीनवर चढवली तर सुया भोकांवर येणारच नाहीत. कार्ड चांगलं, माग चांगला, नक्षीही तीच. तरी चादर निघणार नाही.

कार्डांच्या जागी आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डही आले आणि नक्षी फाइलमधून जाते. ब्लाउजवर डिझाइन काढणाऱ्या एम्ब्रॉयडरी मशीनलाही पेन ड्राइव्ह लागतो. अशा यंत्रांचे कंट्रोलर बरेचदा फॅट३२ च वाचतात. नवा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह दुकानातून आणला, तो एक्सफॅटमध्ये आला, की मशीन ‘ड्राइव्ह नाही’ म्हणून मोकळं. अशा वेळी छोटा, ८ किंवा १६ जीबीचा पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून मशीनजवळच ठेवावा. डिझाइनच्या फाइली काही केबींच्या असतात, मोठ्या ड्राइव्हची गरजच नसते.

‘फाइल टू लार्ज’ : जागा आहे, तरी फाइल का जात नाही?

पेन ड्राइव्हमध्ये २० जीबी मोकळी आहे आणि ५ जीबीची फाइल कॉपी होत नाही. हा फॅट३२ चा खास अनुभव. या पद्धतीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा एकच रकाना आहे. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्याहून एक बाइट जास्त झाला तरी तो लिहायला जागा नाही.

लग्नाच्या शूटिंगला ही मर्यादा पटकन लागते. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसने घेतला, तर सेकंदाला साडेबारा एमबी होतात. म्हणजे पावणेसहा मिनिटांत ४ जीबी संपले. मंगलाष्टकंही पूर्ण होत नाहीत. म्हणून काही कॅमेरे फॅट३२ कार्डावर एकाच शूटिंगचे आपोआप तुकडे पाडतात.

मराठी नावाच्या फाइलींचं काय?

डिस्क उघडली तरी नावांवरून गाडी अडते. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, नावाची लांबी. एक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण यांचे तीन-तीन बाइट वेगळे. ‘दक्षिण’ या शब्दातच सहा खुणा, म्हणजे १८ बाइट होतात. एकूण ८५ खुणांत नाव संपवावं लागतं. विंडोजवर मात्र २५५ खुणा चालतात. त्यामुळे ‘ग्रामपंचायत मासिक सभा इतिवृत्त सुधारित अंतिम’ याहूनही कितीतरी लांबलचक, ८५ खुणांच्या पुढची नावं विंडोजवर चालतात आणि लिनक्सवर कॉपी करताना अडू शकतात.

दोन, ‘ऱ’ हे अक्षर. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ऱ कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच खूण म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन खुणा म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत अशा अक्षराची फोड करून ठेवायची. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच दिसतात, पण दुसऱ्या सिस्टिमच्या लेखी ती दोन वेगळी नावं असू शकतात. एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी दिसल्या, तर एक कारण हेही असतं.

तीन, चिन्हं. विंडोजवर फाइलच्या नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, तिरकी रेघ चालत नाही. लिनक्सवर ‘लग्न: हळद’ असं नाव चालतं, विंडोजवर नाही. तारखेसाठी तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ वापरा, सगळीकडे निभावतं.

‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर काय करायचं?

१. कॅन्सल दाबा. ‘इनिशिअलाइज डिस्क’ असं विचारलं तरी कॅन्सलच. नुसती डिस्क जोडल्याने आतलं काही जात नाही, जातं ते ‘हो’ म्हटल्यावर. कधी कधी विंडोज काही विचारत नाही, डिस्क नुसती दिसत नाही. तरी घाबरू नका.

२. डिस्क शेवटची कुठे भरली, ते विचारा. मॅकवर? लिनक्सवर? टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर? बऱ्याचदा उत्तर इथेच मिळतं. डिस्कला बिटलॉकरसारखं कुलूप लावलं असेल, तरी ती दुसरीकडे उघडत नाही. तेव्हा किल्लीही मागून घ्या.

३. त्याच प्रकारच्या मशीनवर लावून बघा. तिथे उघडली तर डिस्क ठणठणीत आहे.

४. दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली वेगळी डिस्क घ्या, सगळं त्यात उतरवा, दोन-चार फाइली उघडून तपासा. त्यानंतरच मूळ डिस्कचं काय करायचं ते ठरवा.

५. मूळ मशीनवरही उघडली नाही, तर मग खरा बिघाड समजा. तिच्यावर नवीन काही लिहू नका, जाणकाराकडे न्या.

आणि चुकून ‘हो’ दाबलं असेल तर?

तिथेच थांबा. क्विक फॉरमॅटमध्ये दप्तर कोरं होतं, पण शेतातलं पीक बहुतांशी तसंच उभं असतं. त्यावर नांगर फिरेपर्यंत, म्हणजे नव्या फाइली टाकेपर्यंत, बरंच परत मिळू शकतं. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर अशा कामासाठी वापरतात. ते दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि सापडलेल्या फाइलीही दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. मात्र विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला असेल, तर सगळीकडे शून्य लिहिली जातात. मग आशा सोडावी लागते. एसएसडीवरही परत मिळणं अवघड, कारण रिकाम्या झालेल्या जागा ती स्वतःहून साफ करून टाकते.

नवा ड्राइव्ह घेतलाय, कोणता फॉरमॅट निवडू?

- विंडोज आणि मॅक दोन्हींवर फिरवायचा, मोठे व्हिडिओ ठेवायचे : एक्सफॅट
- गाडी, जुना टीव्ही, एम्ब्रॉयडरी मशीन : फॅट३२
- विंडोजवरच कायम ठेवायची बॅकअप डिस्क : एनटीएफएस
- मॅकवरच राहणारी डिस्क : एपीएफएस
- लिनक्सवरच राहणारी : एक्सटी४

एक्सफॅट सोयीची असली तरी तिच्यात आणि फॅट३२ मध्ये जर्नल नसतं. कॉपी चालू असताना ड्राइव्ह उपसून काढला तर दप्तर अर्धवट राहतं. म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा. आणि घरातली महत्त्वाची गोष्ट एकाच ड्राइव्हवर ठेवू नका, मग तो कोणत्याही फॉरमॅटचा असो.

फोटोग्राफरकडून डिस्क घेताना एक वाक्य नक्की बोला : “आमच्याकडे विंडोज आहे, एक्सफॅटमध्ये द्या.” त्यांना पाच मिनिटांचं काम असतं.

मामा दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन सोलापूरला गेले. स्टुडिओतल्या मॅकवर ती पहिल्या झटक्यात उघडली. तिथेच एक्सफॅटच्या दोन डिस्क भरून घेतल्या, एक वळसंगला ठेवली आणि एक माझ्याकडे पाठवली. संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवर व्हिडिओ लागला. आजोबा मांडवात खुर्चीवर बसून कोणावर तरी ओरडत होते, जेवणाच्या पंगती लवकर बसवा म्हणून.